पोटावरील शस्त्र : संशय आणि विलंब

पोटदुखी ही आपल्या घरांतील इतकी जुनी पाहुणी आहे कीं तिच्या येण्याची कोणी फारशी दखल घेत नाहीं. ओवा, हिंग, सुंठ, शेक आणि शेवटीं एरंडेल, एवढ्या पाहुणचारावर ती बहुधा निघूनही जाते. परंतु क्वचित् ती जात नाहीं. रात्र सरते, कळा वाढतात, ताप चढतो, आणि मग घरांतील वडील माणसांपुढें असा प्रश्न उभा राहतो कीं ज्याचें उत्तर ओव्याच्या डबींत सांपडत नाहीं : पोट कापूं द्यावें कीं नाहीं? या एका प्रश्नाचा इतिहास येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. शस्त्रवैद्यांच्या पराक्रमाचीं वर्णनें पुष्कळ झालीं आहेत. आम्हांस पाहावयाचें आहे तें हें कीं, या कामांत धोका नेमका कोठें होता, तो कोणी व कसा कमी केला, आणि जो अद्यापि उरला आहे तो कोणाच्या पदरीं आहे. हा हिशेब केवळ मोठ्या शहरांतून पाहिला तर अपुरा राहतो. म्हणून पुण्याहून पंढरपूरकडे जाणाऱ्या वाटेवरील नातेपुते या गांवाकडेही आमची नजर वळणार आहे.

हा प्रश्न आपल्याकडे इंग्रजी वैद्यकाबरोबर आला अशी एक समजूत आहे. ती बरोबर नाहीं. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांत उदररोगांचें प्रकरण आहे. त्यांत ‘बद्धगुद’ व ‘परिस्रावी’ असे दोन प्रकार सांगितले आहेत. पहिल्यांत आंतड्याचा मार्ग बंद होतो; दुसऱ्यांत अन्नाबरोबर पोटांत गेलेल्या टोकदार पदार्थानें आंतड्यास भोंक पडून आंतील द्रव बाहेर पाझरूं लागतो. या दोहोंवर नाभीखालीं डाव्या बाजूस, मध्यरेषेपासून चार अंगुलें सोडून, पोट चिरावें, आंतडें बाहेर घेऊन तपासावें, अडथळा काढून टाकावा, आणि भोंक असल्यास त्याच्या कडा जुळवून त्यांवर काळ्या मुंग्या चाववाव्या, मग मुंग्यांचीं धडें तोडून डोकीं तशींच राहूं द्यावीं, असा विधि दिला आहे. मुंगीच्या जबड्याचा टांका ही कल्पना आज चमत्कारिक वाटेल. परंतु आंतड्याच्या कडा घट्ट मिटल्याखेरीज रोगी वांचत नाहीं, हें मर्म त्या ग्रंथकारास पुरतें कळलें होतें, एवढें तीवरून निश्चित दिसतें.

याहूनही महत्त्वाची गोष्ट चरकसंहितेंत आहे. उदररोगाच्या शेवटच्या अवस्थेंत, जेव्हां सौम्य उपाय थकतात आणि जिवावर बेतणारा उपाय करावयाचा असतो, तेव्हां वैद्यानें प्रथम रोग्याचे आप्त, मित्र, पत्नी, गुरु व राजा यांस एकत्र करून स्पष्ट सांगावें कीं, कांहीं न केल्यास मरण ठरलेलें आहे आणि केल्यास परिणाम संशयित आहे. आणि त्यांची अनुज्ञा मिळाल्यावरच कामास हात घालावा. सुश्रुतानेंही मुतखड्यावर शस्त्र चालविण्यापूर्वीं अशाच अर्थाची सूचना दिली आहे. एका पारड्यांत निश्चित मरण व दुसऱ्यांत संशय, असा हा तराजू आहे. पुढील सर्व इतिहास म्हणजे या दुसऱ्या पारड्यांतील संशय हळूहळू कमी करण्याचा इतिहास होय.

पोट हेंच विशेष धोक्याचें स्थान कां, हेंही समजून घेतलें पाहिजे. हात चिरडला किंवा पायास गोळी लागली तर पूर्वींचा शस्त्रवैद्य तो अवयव तोडून जीव वांचवी. पोटाच्या बाबतींत हा मार्ग नव्हता. पोटाच्या पोकळीस आंतून एक पातळ, ओलसर आवरण असतें आणि तेंच आंतड्यांवरही पसरलेलें असतें. आंतड्यांत कोट्यवधि जंतु सुखानें नांदत असतात. तेथें ते उपद्रव करीत नाहींत, उलट उपयोगीच पडतात. परंतु आंतड्यास भोंक पडून तेच जंतु या आवरणावर सांडले कीं कांहीं तासांत दाह सुरू होतो, पोट लांकडासारखें ताठ होतें, नाडी बारीक व जलद चालते आणि विष रक्तांत भिनून रोगी दगावतो. शिवाय शिवलेलें आंतडें हें शिवलेल्या कापडासारखें निश्चल राहत नाहीं. त्यास रक्ताचा पुरवठा कमी पडला किंवा टांका ताणला गेला तर शस्त्रक्रिया उत्तम झाल्यासारखी वाटूनही पांच-सात दिवसांनीं शिवण गळूं लागते. म्हणून पोटाच्या रोग्याचा निकाल टेबलावर लागत नाहीं. तो आठवडाभर टांगलेला असतो.

या अडचणी एकामागून एक दूर झाल्या. १८२६ सालीं लांबेर नांवाच्या फ्रेंच शस्त्रवैद्यानें आंतड्याच्या बाहेरील बाजू एकमेकींस लागतील असा टांका घालण्याची रीत सांगितली. त्या बाजू लौकर चिकटतात हें तिच्यांतील रहस्य. १८४६ सालीं अमेरिकेंत ईथर व १८४७ सालीं स्कॉटलंडांत क्लोरोफॉर्म यांचा उपयोग सुरू होऊन वेदनेचें भय गेलें. १८६७ सालीं लिस्टर यानें जखमेंतील जंतूंचा नाश करण्याची आपली पद्धति प्रसिद्ध केली. योगायोग असा कीं, त्याच १८६७ सालीं डेव्हिड ससून यांच्या देणगींतून उभें राहिलेलें पुण्याचें ससून रुग्णालय उघडलें गेलें. त्या रुग्णालयाकडे आपणांस पुन्हां यावयाचें आहे.

वेदना व जंतु यांवर ताबा आल्यावर धीट शस्त्रवैद्यांनीं प्रत्यक्ष जठरास हात घातला. १८७९ सालीं पॅरिसमध्यें पेआं यानें व १८८० सालीं रिडिगर यानें कर्करोगानें ग्रासलेला जठराचा भाग कापून काढला. दोघांचेही रोगी वांचले नाहींत. २९ जानेवारी १८८१ रोजीं व्हिएन्ना येथें बिलरोथ यानें हीच शस्त्रक्रिया ४३ वर्षांच्या एका बाईवर केली. ती बाई शस्त्रक्रियेंतून उठली, जेवूं लागली, घरीं गेली. सर्व युरोपांत या यशाचा गाजावाजा झाला. परंतु सुमारें चार महिन्यांनीं, कर्करोग शरीरांत इतरत्र पसरल्यामुळें, ती मरण पावली. येथें वाचकांनीं एक भेद लक्षांत घ्यावा. शस्त्रक्रियेंतून जगणें हें एक आणि रोगांतून बरें होणें हें दुसरें. रोग्याच्या आप्तांनीं डॉक्टरांस हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारले पाहिजेत. कारण पहिल्याचें उत्तर आशादायक असूनही दुसऱ्याचें तसें नसूं शकतें.

जठराची शस्त्रक्रिया मोठी खरी, परंतु सामान्य कुटुंबांवर जो प्रसंग वारंवार येतो तो आंतड्याच्या एका क्षुद्र शेपटीपायीं. लहान व मोठें आंतडें जेथें मिळतात तेथें, पोटाच्या उजव्या बाजूस खालीं, करंगळीएवढें एक पुच्छ लोंबत असतें. त्यास अपेंडिक्स म्हणतात. त्याचें तोंड घट्ट मळानें किंवा सुजेनें बंद झालें कीं तें फुगतें, त्याचा रक्तपुरवठा अडतो, तें सडतें व फुटतें. या रोगाचें खरें मूळ या पुच्छांत आहे आणि त्यावर लौकर शस्त्रक्रिया केली पाहिजे, हें बॉस्टनच्या फिट्झ यानें १८८६ सालीं दाखवून दिलें. त्यापूर्वीं ‘आंतड्याचा दाह’ म्हणून किती माणसें अफू व शेक यांच्या हवालीं केलीं गेलीं असतील! प्रसिद्ध फ्रेंच मुत्सद्दी गांबेत्ता हा १८८२ सालच्या अखेरच्या दिवशीं याच प्रदेशांतील दाहानें मरण पावला. त्याच्यावर शस्त्र चालविलें गेलें नव्हतें.

वीस वर्षांनीं हाच रोग इंग्लंडच्या राजास झाला. सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक २६ जून १९०२ रोजीं ठरलेला होता. देशोदेशींचे पाहुणे लंडनमध्यें जमले होते. राजा समारंभ पुढें ढकलावयास तयार होईना. तसाच गेलात तर प्रेत म्हणून जाल, असें सर फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यानें त्यास बजावल्याचें सांगतात. २४ जून रोजीं ट्रीव्ह्जनें पोट उघडून सांठलेला पू काढून दिला. पुच्छ काढण्याच्या भरीस तो पडला नाहीं. ९ ऑगस्ट रोजीं राज्याभिषेक झाला. या गोष्टीची दुसरी बाजू मात्र फारशी सांगितली जात नाहीं. याच ट्रीव्ह्जची कन्या दोन वर्षांपूर्वीं, १९०० सालीं, अपेंडिक्स फुटून मरण पावली होती. राजास वांचविणाऱ्या हातांस स्वतःची मुलगी वांचवितां आली नाहीं. कौशल्य तेंच, विद्या तीच, आणि तरीही दोन रोग्यांचे दोन निकाल; याहून संशयाचा निराळा पुरावा कशाला हवा?

आतां आपण पुण्यास येऊं. महात्मा गांधी यांस १८ मार्च १९२२ रोजीं सहा वर्षांची शिक्षा झाली व ते येरवड्याच्या तुरुंगांत होते. १९२४ च्या जानेवारींत त्यांचें पोट दुखूं लागलें, ताप येऊं लागला, आणि १२ जानेवारी रोजीं त्यांस ससून रुग्णालयांत हालविण्यांत आलें. निदान अपेंडिक्सच्या दाहाचें झालें. गांधींचा विश्वास मुंबईचे डॉ. दलाल यांवर होता, कारण १९१९ सालीं गुदद्वाराच्या विकारावर त्यांनींच शस्त्रक्रिया केली होती. डॉ. दलाल व डॉ. जीवराज मेहता यांस बोलावणें गेलें. परंतु ते पोहोंचेपर्यंत थांबणें धोक्याचें आहे असें कर्नल मॅडॉक या ब्रिटिश शस्त्रवैद्याचें मत पडलें. रात्र चढत होती.

तेव्हां जें घडलें तें चरकाच्या त्या उपदेशाशीं ताडून पाहण्यासारखें आहे. रोगी सरकारचा कैदी, शस्त्रवैद्य सरकारचा नोकर. शस्त्रक्रिया फसली असती तर सारा देश काय म्हणाला असता हें दोघांसही ठाऊक होतें. गांधींच्या इच्छेवरून भारत सेवक समाजाचे श्रीनिवास शास्त्री व पुण्याचे डॉ. फाटक यांस बोलावण्यांत आलें. आपण शस्त्रक्रियेस संमति देत आहों, डॉक्टरांनीं आपली नीट काळजी घेतली आहे, आणि परिणाम कांहींही झाला तरी त्यावरून सरकारविरुद्ध चळवळ होऊं नये, अशा अर्थाचें एक निवेदन तयार करण्यांत आलें. गांधींनीं गुडघे वर घेऊन, पेन्सिलीनें, कांपत्या हातानें त्यावर सही केली. ‘हिंद स्वराज्य’ या १९०९ सालच्या पुस्तकांत डॉक्टर व रुग्णालयें यांवर ज्यानें कठोर टीका केली होती, तोच पुरुष परक्या सत्तेच्या शस्त्रवैद्यापुढें शांतपणें आडवा झाला. त्यांत विसंगति पाहावयाची तर पाहावी. आम्हांस त्यांत एका समंजस रोग्याचें वर्तन दिसतें. त्यानें संशय ऐकून घेतला, साक्षीदार बोलावले, परिणामाची जबाबदारी आधींच वांटून घेतली, आणि मग वेळ दवडला नाहीं.

शस्त्रक्रिया चालू असतां वादळामुळें वीज गेली. परिचारिकेच्या हातांतील विजेची बत्तीही विझली, आणि उरलेलें काम कंदिलाच्या उजेडांत पुरें करावें लागलें. पुच्छ निघालें, जीव वांचला. परंतु जखमेच्या जागीं पू झाला आणि प्रकृति सुधारण्यास अपेक्षेपेक्षां अधिक काळ लागला. ५ फेब्रुवारी १९२४ रोजीं सरकारनें त्यांची बिनशर्त सुटका केली. पुढें मार्चांत ते विश्रांतीसाठीं मुंबईजवळ जुहू येथें गेले. या एका प्रकरणांत उदरशस्त्रक्रियेचे बहुतेक सर्व धडे आले आहेत : निदानास लागलेले दिवस, डॉक्टरांची वाट पाहावी कीं नाहीं हा पेंच, संमतीचा कागद, ऐनवेळचा अपघात, आणि यशानंतरही उद्भवणारा पू.

गांधी येरवड्यास होते. ससून कांहीं मैलांवर होतें. हाच रोग त्याच सालीं नातेपुत्यास एखाद्या शेतकऱ्यास झाला असता तर? नातेपुते हें माळशिरस तालुक्यांतील, सोलापूर जिल्ह्याच्या वायव्य टोकाकडील गांव. ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी फलटण, बरड मागें टाकून येथें मुक्कामास येते व पुढें माळशिरस, वेळापूर करीत पंढरीस जाते. म्हणून वारकऱ्यांस हें नांव पाठ आहे. परंतु भक्तीच्या वाटेवर असणें व रुग्णालयाच्या वाटेवर असणें या गोष्टी निराळ्या. पुणें व सोलापूर हीं दोन्हीं शहरें येथून शंभराहून अधिक किलोमीटर दूर. रेल्वे गांवास नाहीं. बार्शी लाइट रेल्वे १९०६ सालीं पंढरपुरास आली व १९२७ सालीं मिरजेपर्यंत पोहोंचली. म्हणजे १९२४ सालीं नातेपुत्याच्या रोग्यास प्रथम बैलगाडीनें पंढरपूर गांठावयाचें, आणि तेथून कुर्डुवाडीच्या वाटेनें मोठ्या रेल्वेस लागावयाचें. बैलगाडी ताशीं दोन-अडीच मैल चालते. एक दिवस व बरीचशी रात्र केवळ पंढरपुरास जाण्यांत खर्ची पडे. आणि प्रत्येक खड्ड्याचा धक्का त्या सुजलेल्या पुच्छास बसे.

दक्षिण महाराष्ट्रांत ‘मिरजेस न्या’ हा सल्ला रूढ झाला तो याच काळांत. कॅनडांत जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस १८८९ सालीं मिशनतर्फे या देशांत आले आणि १८९४ सालीं त्यांनीं मिरजेस रुग्णालय उघडलें. १९२८ सालीं ते परत जाईपर्यंत त्यांच्या शस्त्रक्रियांची कीर्ति दूरवर पसरली होती. मुंबई-पुण्याबाहेर, संस्थानच्या एका गांवांत, पोट उघडण्याची व तें पुन्हां सुरक्षित मिटण्याची सोय असूं शकते हें मिरजेनें दाखविलें. १९२७ ची रेल्वे म्हणूनच आम्हांस केवळ मालाची व यात्रेची वाटत नाहीं. पंढरपुराकडील रोग्यांपुरती ती संशय कमी करणारी एक वाट होती.

त्यानंतरच्या काळांत शस्त्रगृहांतील धोका झपाट्यानें घटला. रक्ताचे गट १९०१ सालीं लँडस्टायनरनें उलगडले होते; त्यांवरून सुरक्षित रक्तदान शक्य झालें. १९२८ सालीं सांपडलेलें पेनिसिलिन १९४० नंतर रोग्यांच्या उपयोगी पडूं लागलें. १९८० सालीं जर्मनींत झेम यानें लहान छिद्रांतून दुर्बीण घालून अपेंडिक्स काढलें, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनीं १९९० सालीं याच रीतीनें पित्ताशय काढण्याची भारतांतील पहिली शस्त्रक्रिया केली. आतां तर फुटलेलें नसेल अशा अपेंडिक्सवर कांहीं रोग्यांत केवळ औषधानें भागूं शकतें असेंही दिसून आलें आहे. मात्र २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या १,५५२ रोग्यांच्या एका अमेरिकन अभ्यासांत, औषध घेतलेल्या दहांपैकीं सुमारें तिघांस नव्वद दिवसांच्या आंत शस्त्रक्रिया करावीच लागली.

या सर्वांहून आम्हांस अधिक बोधप्रद वाटते ती एक अगदीं साधी सुधारणा. २००८ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें १९ कलमांची एक यादी तयार केली : रोगी कोण, शस्त्रक्रिया कोणती, कोणत्या बाजूस, संमति झाली आहे ना, रक्त तयार आहे ना, शेवटीं साधनांची व कापडाच्या घड्यांची मोजदाद झाली ना. हीं कलमें शस्त्रगृहांत मोठ्यानें उच्चारावयाचीं. दिल्लीसह आठ शहरांत हा प्रयोग झाला, तेव्हां शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचें प्रमाण शेंकडा १.५ वरून ०.८ वर आलें. नवें औषध नाहीं, नवें यंत्र नाहीं. केवळ जें मनांत गृहीत धरलें जात होतें तें तोंडानें बोललें गेलें. संशय उघड बोलावा हा चरकाचा नियम दुसऱ्या रूपानें पुन्हां खरा ठरला.

मग धोका उरला कोठें? २०१४ सालीं ५८ देशांतील १०,७४५ रोग्यांची पाहणी झाली. या सर्वांच्या पोटावर तातडीची शस्त्रक्रिया झाली होती. तीस दिवसांच्या आंत दगावणाऱ्यांचें प्रमाण पुढारलेल्या देशांत शेंकडा ४.५, मध्यम देशांत ६ व मागासलेल्या देशांत ८.६ आढळलें, आणि रोग्यांच्या अवस्थेंतील भेद हिशेबांत धरल्यावरही ही तफावत जवळजवळ तिपटीची निघाली. विद्या सर्वत्र तीच आहे. फरक आहे तो ती हातीं लागण्याच्या वेळेंत व नंतरच्या शुश्रूषेंत. महाराष्ट्रांत याचा विचार झालाच नाहीं असें नव्हे. गरीब कुटुंबांस मोठ्या शस्त्रक्रिया विनाखर्च मिळाव्या म्हणून २ जुलै २०१२ रोजीं सरकारी योजना सुरू झाली तेव्हां पहिल्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होता. पुढें तिला महात्मा जोतिराव फुले यांचें नांव देण्यांत आलें. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली. बैलगाडीची रात्र आतां संपली आहे.

परंतु घरांतील रात्र संपली आहे काय? अपेंडिक्सचें दुखणें बेंबीजवळ सुरू होतें व मग उजव्या बाजूस खालीं सरकतें. त्याबरोबर ओकारी, अन्नावरील वासना जाणें व बारीक ताप असतो. अशा पोटास एरंडेलाचा जुलाब देणें म्हणजे तें पुच्छ फुटण्यास हातभार लावणें होय. याहून फसवी गोष्ट ही कीं, तें फुटतांच कळा कधीं कधीं एकाएकीं थांबतात. घरांतील मंडळी ‘आतां बरें वाटतें’ म्हणून देवापुढें साखर ठेवतात. आणि कांहीं तासांनीं सर्व पोट ताठ होतें. जो डॉक्टर या रोग्यास आज पाहतो त्याचा संशय लहान असतो. जो उद्यां पाहतो त्याचा मोठा. हा वाढलेला संशय डॉक्टरांच्या सुरीनें आणलेला नसतो, तो आपण घरून बरोबर नेलेला असतो. आणि पुढें रोगी दगावला म्हणजे लोक म्हणतात, पोट कापलें म्हणून गेला.

शस्त्रक्रियेस भिऊं नये असें आम्ही म्हणत नाहीं. भिण्याजोग्या गोष्टी तींत आहेत : शिवण गळणें, जखम पिकणें, पायांतील रक्ताची गुठळी फुप्फुसांत जाणें, पुढें व्रणाच्या जागीं आंत्रवृद्धि होणें किंवा आंतडीं एकमेकांस चिकटून मार्ग अडणें. यांविषयीं डॉक्टरांस विचारावें, उत्तर समजेपर्यंत विचारावें, आणि काय होईल याबरोबरच न केल्यास काय होईल हेंही विचारावें. कारण तराजूस दोन पारडीं असतात आणि भयाच्या वेळीं आपणांस एकच दिसतें. ससूनमधील त्या रात्रीं कागदावर जी सही झाली, ती कांपत्या हाताची होती. पण ती वेळेवर झाली. नातेपुत्याच्या घरीं काय किंवा पुण्याच्या वाड्यांत काय, आप्तांच्या हातीं असलेला उपाय एवढाच आहे, आणि तो थोडा नाहीं.